कोपरापासून मनगटापर्यंत

सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या हातावर गोंदण असले तरी चालते. हे वाक्य सगळ्यात आधी लिहितो, कारण भुसावळजवळच्या दीपनगर, फेकरी, वरणगाव, साकेगाव या पट्ट्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांशी बोललात तर बहुतेक जण याच्या उलटच सांगतील. ‘टॅटू दिसला की बाहेर’ हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. काही जण पार दुसऱ्या टोकाला असतात: देवाचेच नाव आहे ना, मग कुठे का असेना! दोघांचेही चुकते. सैन्याचा नियम असा आहे की हात पुढे करून तळवा वर केल्यावर कोपरापासून मनगटापर्यंत जी आतली बाजू दिसते तिथे, आणि पंजाच्या पाठीवर, कायमचे गोंदण असले तर हरकत नाही. दंडावर, खांद्यावर, छातीवर, पाठीवर, मानेवर किंवा पायावर असले तर उमेदवार तिथेच बाद. अपवाद एकच, आदिवासी जमातींचा. त्याकडे पुढे यायचेच आहे.

एवढ्यावर भागत असते तर गोंदणाच्या नियमांची ही पुस्तिका काढावी लागली नसती. भरतीचे पोर एका ठिकाणी अर्ज भरून थांबत नाही. सैन्याची अग्निवीरची परीक्षा देते, जीडीचा म्हणजे केंद्रीय दलांतल्या शिपायाचा फॉर्म भरते, जिल्हा पोलीस भरती निघाली की तिथे पळते, धुळ्याच्या राज्य राखीव दलाच्या गट सहावरही डोळा ठेवून असते. नियम मात्र दाराप्रमाणे बदलतो. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल ही सगळी गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतली. त्यांच्या वैद्यकीय तपासणीच्या सूचनांत गोंदणाविषयी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. एक, गोंदले काय आहे: नाव किंवा धार्मिक चिन्ह असेल तर चालते, सैन्यात चालते तसेच. दोन, कुठे गोंदले आहे: हाताची आतली बाजू चालते, पण फक्त डाव्या हाताची, कारण उजव्या हाताने सलाम ठोकायचा असतो, याशिवाय पंजाची पाठ. आणि तीन, केवढे आहे: हाताच्या त्या भागाच्या चौथाईपेक्षा कमी हवे.

आता ज्या मुलाने उजव्या हाताच्या आतल्या बाजूला ‘आई’ असे गोंदून घेतले आहे त्याचे पाहा. सैन्याच्या मेडिकलला तो फिट आहे. तोच मुलगा पुढच्या महिन्यात जीडीच्या मेडिकलला उभा राहिला की अनफिट. पोरगा तोच, हात तोच, अक्षरेही तीच दोन. त्याला वाटते आपल्यावर अन्याय झाला, किंवा कुणाचा तरी वशिला आड आला. खरे कारण कागदावर छापलेले असते. पण त्या जाहिरातीची पाने असतात चाळीस-पन्नास, इंग्रजी किंवा हिंदीत, आणि मोबाइलच्या पडद्यावर वाचायची. फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवालाही शेवटच्या तारखेपलीकडे काही वाचत नाही.

या भागाला सैन्य म्हणजे लांबची गोष्ट नाही. भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ची, वरणगावची १९६४ची. वरणगावात बंदुकीच्या गोळ्या बनतात. दीपनगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत. पण केंद्रातला ऑपरेटर आणि फॅक्टरीतला फिटर एकाच चहाच्या टपरीवर बसतात आणि त्यांची मुले एकाच मैदानावर पळतात. केंद्रातली कायम नोकरी आता बापाच्या मागे मुलाला मिळत नाही. फॅक्टऱ्यांचेही २०२१च्या ऑक्टोबरात महामंडळांत रूपांतर झाले. उरला वर्दीचा रस्ता. त्या रस्त्यावर पोरे पहाटे पाचलाच निघतात, वेल्हाळ्याच्या राखेच्या बंडावरून आलेली राख नाकात घेत.

मैदानावर त्यांना शिकवणारे एक निवृत्त हवालदार आहेत; पोरे त्यांना फौजी काका म्हणतात. नवा मुलगा आला की काका आधी त्याची सोळाशे मीटरची धाव बघत नाहीत. शर्ट काढायला लावतात. दोन्ही हात पुढे, तळवे वर. मग हात उलटे. मग पाठ फिरव. मग पँट गुडघ्याच्या वर. एकदा मी तिथे असताना एका उंचपुऱ्या पोराच्या उजव्या दंडावर त्रिशूळ निघाले, डमरूसकट.

‘‘कधी काढलं रे भो हे?’’

‘‘सातवीत होतो, काका. मुक्ताईच्या यात्रेत.’’

‘‘आन् मिल्ट्रीत जायाचं कधी ठरवलं?’’

‘‘बारावीनंतर.’’

‘‘मंग तव्हा कोनी सांगितलं नाही का तुले?’’

पोरगा गप्प. सांगणार कोण? सातवीतल्या मुलाला कोणते सैन्य नियम कळवायला जाते? या विषयातली खरी अडचण हीच आहे, असे मला वाटते. गोंदण बाराव्या-तेराव्या वर्षी होते आणि नियम भेटतो तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, तोही डॉक्टरांच्या टेबलासमोर. मधली पाच-सहा वर्षे कुणीच काही बोलत नाही. नियम कडक आहे की सैल यापेक्षा तो उशिरा कळतो, याचा या भागातल्या मुलांना जास्त फटका बसतो. धावेत दोन सेकंद कमी पडले तर पुढच्या वर्षी भरून काढता येतात. दंडावरचे त्रिशूळ सराव करून कमी होत नाही.

महाशिवरात्रीला कोथळी-मेहूणला मुक्ताईची आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाची यात्रा भरते. पाळण्यांच्या आणि रेवड्यांच्या मधल्या गल्लीत गोंदणारा बसलेला असतो. काचेच्या झाकणाची पेटी, तिच्यात नक्षीचे छापील कागद: विंचू, बदाम, गुलाब, मारुती, त्रिशूळ, वाघाचे तोंड आणि इंग्रजी वळणाची अक्षरे. बॅटरीवर घर्रर्र करणारे यंत्र. या यंत्राचा खापरपणजोबा म्हणजे एडिसनने १८७६ साली काढलेले, कागदाला भोके पाडून नकला करणारे विजेचे पेन; त्यावरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने १८९१मध्ये गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. यात्रेतल्या गोंदणाऱ्याला यातले काही ठाऊक असायचे कारण नाही. शंभर रुपयांच्या आत तो नाव काढून देतो, फडक्याने रक्त पुसतो, वरून खोबरेल लावतो आणि तीच सुई पुढच्या हातावर टेकवतो. वैद्यकीय मंडळाला गोंदणाचे वावडे का, याचे एक उत्तर या फडक्यात आहे. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही, तिन्ही अशा सुईतून एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊ शकतात.

यंत्राच्या आधी गोंदणारीण होती. तिच्याजवळ तीन-चार सुयांची जुडी आणि दिव्यावर धरलेली काजळी असायची. काजळी कुठे पाण्यात कालवायची, कुठे दुधात. टोचून झाले की वर हळद. काजळी काळी, पण कातडीखालून दिसते ती हिरवट-निळी. खान्देशातल्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातावर तो रंग अजून दिसतो. कपाळावर ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक टिंब, हातावर तुळस, मोर, विंचू, नवऱ्याचे नाव. पुरुषांच्या हातावर स्वतःचे नाव किंवा मारुती, आणि ते बहुतेक वेळा हाताच्या आतल्या बाजूला. जत्रेत पोर हरवले तर सापडावे म्हणूनही त्याच्या हातावर नाव गोंदत.

ही आतली बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. गृहमंत्रालयाच्या सूचनांमध्ये गोंदणाच्या ‘पारंपरिक जागा’ असा स्पष्ट उल्लेख आहे आणि उदाहरण दिले आहे ते हाताच्या याच भागाचे. खेड्यात लोक नाव कुठे गोंदतात हे नियम लिहिणाऱ्याला नीट ठाऊक होते. ज्यांनी खेड्यांतून भरती केली त्या दलांना शेतकऱ्याच्या पोराच्या हातावर काय सापडणार हे माहीत असणारच. तेव्हा हा नियम गोंदणाच्या विरोधात आहे असे म्हणणे मला पटत नाही. जुन्या गोंदणाला तो जागा देतो. त्याचा रोख आहे तो नव्या टॅटूवर: खांद्यावरचा वाघ, मानेवरची अक्षरे, पाठभर पसरलेले पंख. दीपनगरातल्या मागच्या पिढीने गोंदण गावंढळ म्हणून टाकून दिले. बायका कपाळावरचा ठिपका टिकलीखाली झाकू लागल्या. त्यांचीच नातवंडे आता जळगावच्या स्टुडिओत जाऊन, आजीच्या गोंदणाच्या कितीतरी पट पैसे मोजून दंड रंगवून येतात. आजीचे गोंदण वैद्यकीय मंडळापुढे पास झाले असते, नातवाचे होत नाही, ही गंमत मला या सगळ्या प्रकरणात फार आवडते. अर्थात आजीला कपाळावरच्या ठिपक्याचे उत्तर द्यावे लागले असते.

इथे त्या अपवादाचा प्रश्न येतो.

सैन्याच्या नियमानुसार आदिवासी जमातींतल्या उमेदवाराच्या चेहऱ्यावर किंवा अंगावर जमातीच्या चालीरीतीप्रमाणे गोंदण असेल, तर प्रत्येक प्रकरण तपासून त्याला परवानगी देता येते. ईशान्येकडच्या नागा मुलुखात चेहऱ्यावर आणि छातीवर गोंदण्याची रीत होती. तिथली माणसे फौजेत हवी असतील तर अशी वाट ठेवावीच लागते. ही वाट आपल्याही दारावरून जाते. यावल-रावेर भागात सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल आहेत, चोपडा-शिरपूरकडे पावरा, धुळे-नंदुरबारकडे भिल्ल, मावची, कोकणी. भिल्ल बायकांच्या डोळ्यांच्या कडेला गोंदलेले ठिपके ज्याने पाहिले नाहीत असा खान्देशी माणूस विरळा.

या मुलुखातली इंग्रजी अमलाची पहिली देशी पलटण उभी राहिली तीही भिल्लांचीच. पेशवाई बुडाल्यावर १८१८मध्ये खान्देश कंपनीकडे गेला. डोंगरातले भिल्ल काही केल्या ऐकेनात. १८२५ साली जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने धरणगावला भिल्ल कोअर उभारली. (धरणगाव म्हटले की आपल्याला बालकवी आठवतात, ते बरोबरच आहे, पण त्यांच्या जन्माच्या पासष्ट वर्षे आधी तिथे भिल्लांची कवायत चालू झाली होती.) ज्यांना पकडायला फौज पाठवायची त्यांच्यातूनच फौज करायची, असा तो डाव होता. डोंगराची वाट ठाऊक आहे का, नेम कसा आहे आणि शब्द पाळतो का, एवढे बघून भरती झाली असणार. अंगावरच्या ठिपक्यांची मोजदाद करायला कुणाला सवड नव्हती.

आज मोजदाद होते, आणि ती यादीवरून होते. आदिवासी म्हणजे सरकारने घोषित केलेली अनुसूचित जमात. यावलच्या तडवी मुलीच्या हनुवटीवर टिंब असेल तर ती दाखला आणून आपले म्हणणे मांडू शकते. तिच्या शेजारच्या गावातल्या लेवा पाटलाच्या किंवा मराठ्याच्या मुलीच्या हनुवटीवर, त्याच गोंदणारणीने, त्याच आठवडे बाजारात काढलेले टिंब असेल तर तिला ही वाट नाही. बंजाऱ्यांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. बंजारा बायकांच्या अंगावर जेवढे गोंदण असते तेवढे क्वचितच दुसऱ्या कुणाच्या असेल. तेलंगणात लंबाडा म्हणून ते अनुसूचित जमातीत येतात, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि आपल्याकडे विमुक्त जातींत. म्हणजे चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यावरच्या मुलीची चालरीत आणि तेलंगणातल्या तिच्या मावसबहिणीची चालरीत एकच. पण सवलत राज्याची हद्द ओलांडली की बदलते. पूर्वी हा प्रश्न उभाच राहिला नसता. आता २०१९पासून लष्करी पोलिसांत मुलींची भरती सुरू झाली आहे, २०२२मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि चेहऱ्यावर गोंदून घेण्याची रीत ही मुख्यतः बायकांचीच. ज्यांनी हा अपवाद लिहिला त्यांची दृष्टी उदार होती यात शंका नाही. पण रीत तपासण्याऐवजी ते यादी तपासायला सांगून मोकळे झाले. यादी तपासणे सोपे असते.

माणसाच्या कातडीवरच्या खुणेकडे सरकार संशयाने का पाहते? मला वाटते, याचे कारण सरकारच्या स्वतःच्या जुन्या उद्योगात सापडेल. बंगालमध्ये १७९७च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदला जाई. मद्रासेतही ती शिक्षा होती. ती बंद झाली १८४९मध्ये. मुंबई इलाखा यातून वाचला. खुद्द इंग्रजी फौजेत पळपुट्या शिपायाच्या अंगावर ‘डी’ हे अक्षर सुया टोचून उमटवत, तेही १८७१पर्यंत. त्याच्या किती आधी, रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात, वेगेटियसने युद्धशास्त्राच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की नव्या शिपायाला आल्या आल्या खूण टोचू नका, आधी कसरतीत तो टिकतो का ते बघा. म्हणजे टिकल्यावर टोचत असत. हिटलरच्या वाफेन एसएसच्या सैनिकांच्या डाव्या काखेजवळ रक्तगट गोंदलेला असे. युद्ध हरल्यावर त्याच खुणेने अनेक जण पकडले गेले. फौजेने स्वतः टोचलेली खूण म्हणजे शिस्त आणि शिपायाने हौसेने टोचून घेतलेली खूण म्हणजे बेशिस्त, असा हा हिशेब. दर्यावर्दी मंडळींनी मात्र तो कधी फार मनावर घेतला नाही. पुढे पाचवा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेला इंग्लंडचा राजपुत्र १८८१मध्ये आरमारी उमेदवार म्हणून जपानला गेला आणि हातावर ड्रॅगन काढून घेऊन परतला.

परदेशात नियम सैल होत चालले आहेत, असे आपल्याकडची मुले व्हिडिओ पाहून सांगतात. ते खरे आहे, पण सरळ रेषेत नाही. अमेरिकेच्या लष्कराने २०१४मध्ये नियम आवळले. कोपराखाली चारपेक्षा जास्त नको, तळहाताहून मोठे नको. वर्षभरात ते सैल करावे लागले. २०२२मध्ये तर हातावर, मानेच्या मागे आणि कानामागेही लहान गोंदणाला मोकळीक मिळाली. त्याच वर्षी त्या लष्कराला साठ हजार जवान हवे होते आणि पंधरा हजार कमी पडले, हे सोबत सांगायला हवे. तिथे तरुणांनी दार ठोठावायचे थांबवले होते, म्हणून दार रुंद केले.

आपल्याकडे दाराबाहेर रांग आहे. २०२२मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा हवाई दलाच्या पहिल्याच फेरीला ७,४९,८९९ अर्ज आले. जागा होत्या साधारण तीन हजार. एवढ्या गर्दीत निवडणाऱ्याला माणूस घेण्याचे कारण शोधावे लागत नाही, वगळण्याचे शोधावे लागते. सपाट तळपाय, गुडघ्याला गुडघा लागणे, कानातला मळ, एक दात कमी आणि गोंदण. यातले कशाने माणूस लढायला अपात्र ठरतो आणि कशाने फक्त रांग कमी होते, हे डॉक्टरांनी सांगावे. मला विचाराल तर दंडावरचे त्रिशूळ दुसऱ्या प्रकारात मोडते. पण माझ्या मताने मेडिकल होत नाही, म्हणून मुलांनी नियमाप्रमाणेच चालावे.

काही जण कोर्टात गेले. सोलापूरकडच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने उजव्या हातावरच्या धार्मिक चिन्हावरून नाकारले होते. गोंदण पुसायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला होता आणि बरेचसे पुसलेही होते. २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि दलाला त्याचा विचार करायला सांगितले. सैन्य धार्मिक चिन्हाला सूट देते हा मुद्दा तिथे उपयोगी पडला. लगेच २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हवाई दलाचा एक उमेदवार हरला, कारण त्याचे गोंदण हाताच्या बाहेरच्या बाजूला होते. आतली बाजू आणि बाहेरची बाजू यात अंतर केवढे, तर चार बोटे. पण नियमात आतली लिहिली आहे. २०२२मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या मुलाच्या उजव्या पंजाच्या पाठीवर गोंदण होते. गृहमंत्रालयाच्या सूचनांत पंजाची पाठ चालते असे म्हटले असले तरी सलामीचा हात म्हणून दल अडून बसले. मुलाने लेझरने काढून टाकण्याची तयारी दाखवली आणि न्यायालयाने त्याला ते काढून नव्या वैद्यकीय मंडळापुढे जायची मुभा दिली. या तीन निकालांतून पोरांनी ‘कोर्टात गेलो की होते’ असा धडा घेऊ नये. हायकोर्टात जायला वकील लागतो, पैसे लागतात, आणि वयाची मर्यादा तारखेची वाट बघत नाही.

म्हणून बहुतेक जण घरीच उपाय करू पाहतात, आणि या पुस्तिकेतले सगळ्यात महत्त्वाचे पान त्याविषयी आहे. चुना, बिब्बा, बॅटरीतले ॲसिड, तापवलेला उलथना: यातला प्रत्येक प्रयोग या तालुक्यात कुणी ना कुणी करून बसला आहे. गोंदण कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते. त्यामुळे वरची कातडी जाळून ते जात नाही. जाते तोपर्यंत तिथे गाठाळलेला व्रण उठलेला असतो. गोंदणावर निदान नियम तरी आहे. हाताच्या हालचालीला आड येणारा किंवा सुजलेला व्रण मंडळाला गोंदणाइतकाच खटकतो, आणि दंडावर मुद्दाम भाजल्याची खूण दिसली की डॉक्टर वेगळेच प्रश्न विचारू लागतात. जखम ताजी असेल तर आणखी पंचाईत.

लेझरने गोंदण निघते. किरणाच्या झटक्याने रंगाचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. पण एका बैठकीत नाही. दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि बैठका अनेक लागतात. सावळ्या कातडीवर घाई केली तर तिथे पांढरा किंवा काळा डाग उरतो. भरतीची तारीख लागल्यावर लेझरवाल्याकडे धावणाऱ्या मुलाला म्हणूनच काका परत पाठवतात. वर्षभर आधी आला असतास तर, म्हणतात. यातही एक मजा आहे. काळा रंग लवकर निघतो, हिरवा-पिवळा चिवट असतो. हाताने टोचलेले काजळीचे गोंदण कमी बैठकांत जाते. स्टुडिओत दाट भरलेले रंगीत चित्र जाता जात नाही. महागाचे पुसायलाही महाग.

पुस्तिकेत पुढे सैन्य, हवाई दल आणि गृहमंत्रालयाची दले यांचे नियम वेगवेगळ्या पानांवर मराठीत दिले आहेत. गोंदणाविषयी उमेदवाराने स्वतः भरून द्यायच्या प्रमाणपत्रात काय लिहावे, आदिवासी उमेदवाराने जमातीच्या रीतीचा दाखला कुणाकडून आणावा, अनफिट शेरा आल्यावर फेरतपासणीचा अर्ज किती तातडीने करावा, हेही आहे. जाहिरात दर भरतीला नवी निघते, तेव्हा ती समोर ठेवूनच ही पाने वाचावीत. संकलन करणाऱ्यांत निवृत्त सैनिक आहेत, शाळेतले खेळाचे शिक्षक आहेत आणि एक गोंदणारासुद्धा आहे. त्याने सुरुवातीला आढेवेढे घेतले. आमचा धंदा बसवता का, म्हणाला. मग त्यानेच सुचवले की पोराला विचारायला हवे, भरतीत जायचे आहे का. हो म्हणाला तर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, लहान अक्षरांत, फक्त नाव. गिऱ्हाईकही जात नाही आणि पोराचेही नुकसान होत नाही.

मधल्या पानावर दोन हातांचे रेखाचित्र आहे, कुठे चालते आणि कुठे नाही ते दाखवणारे. ते पान एका बाजूने कोरे ठेवले आहे, फाडता यावे म्हणून. शाळेच्या फळ्याशेजारी लावा, सायबर कॅफेच्या काचेवर लावा. येत्या महाशिवरात्रीला संकलकांपैकी काही जण त्याचा गठ्ठा घेऊन कोथळीला जाणार आहेत. गोंदणाऱ्यांच्या पेट्यांवर, विंचू आणि बदामाच्या शेजारी, ते चिकटवू द्यायला चार जणांनी होकार दिला आहे आणि एकाने जागेचे भाडे मागितले आहे.